साहेबांपर्यंत पोचतं ते

एसपी साहेब वार्षिक तपासणीला येणार असं कळलं की तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आठवडाभर आधीच गेरू आणि चुन्याचे डबे येतात. झाडांचे बुंधे रंगतात, मोडक्या खुर्च्या मागच्या खोलीत जातात, वर्षानुवर्षं आवारात गंजत पडलेल्या मोटारसायकली एका ओळीत लागतात. रायटर, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, रात्र जागवून रजिस्टरं पुरी करतो. साहेब येतात, सलामी घेतात, बरॅक पाहतात, कोतातल्या, म्हणजे शस्त्रांच्या खोलीतल्या, दोनचार बंदुकांच्या नळ्यांमधून आरपार बघतात. इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं चालतं. मग मुरलेला साहेब असेल तर चहाचा कप बाजूला सारून स्टेशन डायरी मागतो. तीही आजची नको म्हणतो. तीन आठवड्यांपूर्वीच्या बाजारच्या दिवसाची काढा म्हणतो, आणि मग ठाण्यातली हवा बदलते.

स्टेशन डायरी म्हणजे ठाण्याची रोजनिशी. कोण ड्यूटीवर हजर झालं, कोण किती वाजता गस्तीला बाहेर पडलं, कोणाला आणलं, कोणाला सोडलं, ठाणे अंमलदारानं चार्ज कोणाच्या हाती दिला, हे सगळं अनुक्रमांकानं आणि वेळेनं तिच्यात उतरायला हवं. हातानं लिहिण्याच्या काळात खोटी डायरी ओळखायच्या खुणा जुन्या अधिकाऱ्यांना पाठ असत. चोवीस तासांच्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच दमात लिहिलेल्या. मधेच एखादी ओळ कोरी, पुढे गरज पडली तर काहीतरी घुसवता यावं म्हणून. किंवा रात्री ११ वाजता गस्तीला गेलेला शिपाई त्याच वेळी लॉकअपच्या पहाऱ्यावरही हजर. आता नोंदी सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीवर होतात, त्यामुळे शाई दिसत नाही. पण नोंद कधी टाकली ती वेळ यंत्र जपून ठेवतं. घटनेची वेळ आणि टंकल्याची वेळ यांत चार-पाच तासांचं अंतर दिसलं, की त्या चार-पाच तासांत काय ठरत होतं हा प्रश्न विचारायचा असतो.

पोलीस खात्यात माणूस जितका वर चढतो, तितकी त्याच्याकडे येणारी बातमी गाळून येते. शिपायाला जे दिसतं ते हवालदार थोडं गुळगुळीत करून सांगतो, फौजदार त्याला कलमं लावतो, निरीक्षक त्यातलं अडचणीचं बाजूला काढतो, आणि साहेबांच्या टेबलावर येते ती टंकलेली, सही-शिक्क्याची, कुठेही न टोचणारी टिपणी. वरिष्ठ पोलीस अधिकारी घडवायचा म्हणजे या गाळणीच्या पलीकडे हात घालता येणारा माणूस घडवायचा, असं माझं मत आहे. घोडेस्वारी, नेमबाजी, कायदा, सगळं आलंच. पण हे जमलं नाही तर बाकीचं शोभेपुरतं उरतं.

घडवण्याची वाट बाहेरून सरळ दिसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा, मसुरीच्या अकादमीत इतर सेवांबरोबर साधारण साडेतीन महिन्यांचा पायाभूत अभ्यासक्रम, मग हैदराबाद. सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी मुळात हैदराबादची नव्हे. १५ सप्टेंबर १९४८ रोजी ती माउंट अबूला केंद्रीय पोलीस प्रशिक्षण महाविद्यालय म्हणून सुरू झाली, १९७४ साली तिला पटेलांचं नाव मिळालं आणि १९७५ साली ती हैदराबादच्या शिवरामपल्लीला आली. मसुरीत शेजारच्या खोलीत राहणारा मित्र कलेक्टर होण्याच्या तयारीत असतो. इथे आल्यावर पहाटे साडेपाचच्या आसपास मैदानावर उस्ताद उभा असतो आणि तो हुद्द्यानं हवालदार किंवा फौजदार असतो. पुढे जन्मभर ज्या हुद्द्याचे लोक आपल्याला सलाम ठोकणार, त्याच हुद्द्याच्या माणसाकडून वर्षभर ओरडून घ्यायचं. ही रचना मला सगळ्या अभ्यासक्रमात शहाणपणाची वाटते. ज्याला तिथे राग येतो, त्याला पुढे ठाण्यातला हवालदार कधीच खरं सांगत नाही.

फोटो निघतात ते मैदानावरच्या गोष्टींचे. दोरावरून चढणं, पोहणं, नि:शस्त्र झुंज, ९ एमएम पिस्तूल आणि रायफल, हळूहळू लांबत जाणारे रूट मार्च. घोडा आजच्या पोलिसाला कशाला, असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. घोड्यावरून पडायचं असतं आणि पुन्हा त्याच घोड्यावर चढायचं असतं, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो पुरेसा आहे. पण खरी झोप उडवणारा भाग वर्गातला. कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, आणि ‘३०२ म्हणजे खून’ हे दीडशे वर्षांचं पाठांतर एका रात्रीत ‘१०३’ झालं. आकडे बदलले ते बदलले. त्याहून मोठा बदल कामाच्या पद्धतीत आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी यायचं. दोषारोपपत्राची मुदत मात्र तीच, ६० किंवा ९० दिवसांची. ती एका दिवसानं जरी हुकली तरी आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, मग पुरावा कितीही भक्कम असो. खालचे लोक हे दिवस मोजतात असं गृहीत धरणारा साहेब एखाद्या सकाळी वर्तमानपत्रात आपल्या जिल्ह्याचं नाव वाचतो.

महाराष्ट्राचं केडर मिळालेल्या, म्हणजे नोकरीसाठी हे राज्य वाट्याला आलेल्या, परप्रांतीय उमेदवारासाठी आणखी एक परीक्षा असते, मराठीची. अकादमीत केडरची भाषा शिकवतात, तिची परीक्षाही असते. पण पुस्तकातली मराठी शिकून आलेला अधिकारी धुळ्यात फिर्यादीसमोर बसला की ती अहिराणीत बोलते. भामरागडला माडिया गोंडी. आणि सगळ्यांत अवघड निघते ती खुद्द पोलिसांची मराठी. फिर्याद, मुद्देमाल, हद्द, नमूद, तजवीज, ‘सदर इसम’, ‘अंगझडती’, ‘तडीपार’. यातले निम्मे शब्द फारसीतून आले आणि पेशवाईचे दप्तर संपलं तरी पोलीस ठाण्यात टिकून राहिले. ‘सदर इसमाने अंगावर धावून जाऊन लाथाबुक्क्यांनी मारहाण केली’ हे वाक्य महाराष्ट्रात हजारो फिर्यादींत शब्दशः सारखं सापडतं. नव्या अधिकाऱ्यानं इथेच कान टवकारायला हवेत. बाई रडत रडत जे बोलली ते हे वाक्य नव्हतं. तिच्या बोलण्यात माणूस कोणत्या दारातून आला, हातात काय होतं, शेजारचं कोण बघत होतं, हे सगळं होतं. लेखनिकाच्या हातून तयार साचा उतरला आणि खटल्याला उपयोगी पडणारा तपशील तिथेच गळाला. पहिली गाळणी वरिष्ठांच्या कार्यालयात नसते, ती ठाणे अंमलदाराच्या टेबलावर असते.

अकादमीनंतर जिल्ह्यात साधारण सहा महिन्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. पोलीस मुख्यालयात राखीव पोलीस निरीक्षकाकडे बदल्या-रजा, गाड्यांचं डिझेल, शस्त्रागार; एसपी कार्यालयातल्या शाखा; सरकारी वकिलांबरोबर न्यायालय; आणि काही आठवडे एका ठाण्याचा स्वतंत्र चार्ज. आयपीएस अधिकारी आयुष्यात ठाणेदार म्हणून बसतो तो या काळातच. नंतर तो ठाणी तपासतो, चालवत नाही. म्हणून हे आठवडे उद्घाटनं आणि सत्कारांत घालवणारा अधिकारी स्वतःचंच भांडवल उडवतो. या काळात केस डायरी, म्हणजे तपासाची रोजनिशी, स्वतःच्या हातानं लिहावी, पंचनाम्याला स्वतः उभं राहावं, प्रेताबरोबर शवविच्छेदनाला स्वतः जावं. त्या वासाची सवय एकदा झाली की पुढे कोणी ‘साहेब, बॉडी कुजली होती, खुणा दिसल्या नाहीत’ म्हणालं, तर काय दिसायला हवं होतं हे विचारता येतं.

पंचनामा शिकवणारा माणूस बहुधा पन्नाशीचा एखादा सहायक फौजदार असतो आणि त्याच्याकडे कोर्टात पडलेल्या खटल्यांचं भांडार असतं. मुद्देमालाच्या पुडक्याला लाखेचं सील केलं, पण सीलचा नमुना पंचनाम्यावर घेतला नाही. लेबलावर पंचांच्या सह्या नाहीत. चाकू ४ तारखेला जप्त, सीए, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या, कार्यालयात पोचला १३ तारखेला, आणि मधले नऊ दिवस तो कुठे होता याची मुद्देमाल रजिस्टरात नोंद नाही. आरोपीच्या वकिलाला दुसरं काही लागत नाही. एकच पानटपरीवाला एकाच ठाण्याच्या पाच खटल्यांत पंच. आणि सगळ्यांत घातक ते मेमोरंडम पंचनाम्यातलं: आरोपीनं दाखवलं म्हणून विहिरीतून कोयता काढला, पण त्याच विहिरीचा उल्लेख आदल्या दिवशीच्या केस डायरीत आधीच आलेला. पोलिसांना जागा आधी माहीत होती, म्हणजे आरोपीच्या सांगण्यानं शोध लागलाच नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २७ होतं, आता ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात आहे. नाव बदललं, चूक तीच राहिली.

यानंतर खांद्यावर तीन तारे लावून उपविभाग मिळतो. लोक डीवायएसपी साहेब म्हणतात, कागदावर उपविभागीय पोलीस अधिकारी. महाराष्ट्रात राज्य लोकसेवा आयोगाकडून थेट आलेले उपअधीक्षकही याच खुर्चीवर बसतात. त्यांचं प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होतं आणि काही वर्षांनी त्यांच्यातलेही आयपीएसमध्ये बढती घेतात. दोघांत कोण सरस, हा चहाच्या टपरीवरचा वाद मी इथे काढत नाही. या हुद्द्यावर एक काम असं येतं की ते खाली ढकलता येत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा तपास उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही, आणि तो ६० दिवसांत पुरा करायचा. व्यवहारात काय होतं, तर तपास रीडर, म्हणजे साहेबांचे कागद सांभाळणारा पोलीस, आणि दोन हवालदार करतात, साहेब सही करतात. जातीचा दाखला वेळेवर येत नाही म्हणून दोषारोपपत्र लांबतं. जातिवाचक शिवीगाळ झाली ती जागा लोकांच्या नजरेत होती का, हा कायद्याच्या दृष्टीनं कळीचा मुद्दा. आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यात लिहिलेलं असतं नुसतं ‘फिर्यादीच्या घरासमोर’. घर कुठे, समोर रस्ता की अंगण, कुंपण किती उंच, ओट्यावर कोण बसलं होतं, काहीच नाही. गावात स्वतः जाऊन त्या ओट्यावर दहा मिनिटं बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातून हे सुटत नाही. सही करणाऱ्याच्या हातून हमखास सुटतं.

महाराष्ट्राच्या केडरातल्या बऱ्याच तरुण अधिकाऱ्यांची सुरुवात गडचिरोलीत होते. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, आणि १९९० च्या सुमारास तिथे सी-६० हे स्थानिक जवानांचं पथक उभं राहिलं, कारण जंगल, वाटा आणि गोंडी-माडिया बोली बाहेरून आलेल्या पोलिसाला येत नव्हत्या. तिथल्या पहिल्या शिकवणुकी अगदी साध्या आहेत. ज्या वाटेनं गेलात त्या वाटेनं परत यायचं नाही. पाणवठ्यावर मुक्काम करायचा नाही. रस्ता पायी तपासून झाल्याशिवाय गाडीनं निघायचं नाही. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात गाडीतून जाणारे १५ पोलीस आणि चालक मृत्युमुखी पडले. त्यानंतर हा तिसरा नियम कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण नियम मोडले जातात ते नियम ठाऊक नसतात म्हणून फार कमी वेळा. वरून ‘ताबडतोब पोचा’ असा निरोप आला की खालचा माणूस ‘साहेब, रस्ता तपासलेला नाही’ हे म्हणू शकतो का, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणू शकत नसेल तर तो दोष त्याचा नाही.

मग एसपी. जिल्ह्याचा मालक, असं लोक समजतात. खरं तर आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात जमावबंदीचा आदेशही बहुतेकदा महसूल खात्याकडून निघतो आणि एसपीला कलेक्टरांशी जुळवून घ्यावं लागतं. मात्र गुन्ह्यांच्या आकड्यांचा मालक तोच, आणि तिथेच तो स्वतःला फसवून घेतो. दर महिन्याला गुन्हे आढावा बैठक असते. ठाणेदार आपापले तक्ते घेऊन बसतात. घरफोड्या गेल्या वर्षीपेक्षा कमी, उघडकीचं प्रमाण जास्त. ज्या बैठकीत आकडा वाढला म्हणून ठाणेदाराची खरडपट्टी निघते, तिथे पुढच्या महिन्यापासून आकडा खाली येतो. गुन्हे कमी झालेले नसतात. ओढून नेलेला मोबाईल ‘गहाळ’ म्हणून नोंदवला जातो, हाड मोडलेली मारामारी अदखलपात्र होते, जबरी चोरीची साधी चोरी होते. सर्वोच्च न्यायालयानं १२ नोव्हेंबर २०१३ च्या ललिता कुमारी निकालात दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा दाखल करणं बंधनकारक म्हटलं. तरी अर्ज ‘चौकशीवर’ ठेवायची सवय जात नाही.

याच्यावरचे उपाय कागदातच असतात, फक्त एका कागदावर दुसरा कागद ठेवावा लागतो. ग्रामीण रुग्णालयाच्या एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंधित जखमींच्या, रजिस्टरातली मागच्या महिन्याची नावं घ्या आणि ठाण्याच्या एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्यांच्या, रजिस्टरशी ताडून बघा. ज्याचं मनगट मोडलं म्हणून डॉक्टरनं लिहिलं, त्याची तक्रार ठाण्यात एनसी कशी? गहाळ मोबाईलच्या नोंदींत एकाच रस्त्याचं, एकाच वेळेचं नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर तिथे मोबाईल हरवत नाहीत, हिसकावले जातात. अकस्मात मृत्यूच्या नोंदींत लग्नाला सात वर्षं न झालेल्या बायका वेगळ्या काढा. आणि समऱ्या. महाराष्ट्रात तपास बंद करण्याचे तीन रस्ते आहेत: गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही तर ‘ए’, फिर्यादच खोडसाळपणे खोटी असेल तर ‘बी’, आणि गैरसमजातून आली किंवा धड खरी नाही धड खोटी नाही असं असेल तर ‘सी’. एखाद्या ठाण्यातून ‘बी’ समऱ्या फार येऊ लागल्या, तर त्या तालुक्यातले लोक अचानक खोटारडे झालेले नसतात. ‘सी’ समरी तर आळशी तपासाचं आवडतं आश्रयस्थान. फिर्यादीला कार्यालयात बोलवून ‘तुमची तक्रार बंद झाली हे तुम्हाला माहीत आहे का’ एवढं विचारलं तरी पुरतं. कित्येकांना माहीत नसतं.

कोठडीतला मृत्यू हा या सगळ्याचा कडेलोट. २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवायचं, न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी, शवविच्छेदनाचं चित्रीकरण. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावून चित्रण १८ महिने जपण्याचं सांगितलं आहे. तरी नेमक्या त्याच रात्री कॅमेरा बंद असतो. इथे एसपीची परीक्षा पहिल्या तासात होते. सगळ्यांचे जबाब एकमेकांशी जुळायला अवकाश मिळण्याआधी त्यानं ठाण्यात पोचून चित्रणाची पेटी, लॉकअप रजिस्टर आणि स्टेशन डायरी ताब्यात घेतली, की पुढची चौकशी शक्य होते. सकाळी येतो म्हणाला, तर सकाळी सगळं जुळलेलं असतं. खात्याची बाजू सांभाळली, असं काही जण याला म्हणतात. मी म्हणणार नाही.

बंदोबस्ताबद्दल लिहायचं तर पानंच्या पानं लागतील, कारण महाराष्ट्रात पोलिसांचं निम्मं वर्ष बंदोबस्तातच जातं. आषाढी, गणपती, नवरात्र, सहा डिसेंबरची चैत्यभूमी, निवडणुका. बंदोबस्ताची स्कीम म्हणजे नकाशा, सेक्टर, कोणत्या पॉइंटला किती माणसं, बिनतारीचे चॅनल, राखीव तुकडी कुठे, रुग्णवाहिका कुठून येणार आणि मुख्य म्हणजे कुठून बाहेर पडणार. गेल्या वर्षीची स्कीम तारखा बदलून पुन्हा काढायची, हा सगळ्यांत मोठा रोग. वर्षभरात रस्त्याच्या मधे दुभाजक झालेला असतो, मंडळाचा मांडव चार फूट पुढे सरकलेला असतो. साहेबानं आधी एकदा, गाडीतून न फिरता, पायी तो सगळा मार्ग चालावा. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीला शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत जवळपास ३०० माणसं गेली. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि मग आग. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर ३९ भाविक चेंगरले. दोन्ही ठिकाणी माणसं किती येणार याचा अंदाज नव्हता असं नाही. उतार, रुंदी आणि बाहेर पडायची वाट, या तीन गोष्टी कागदावर आकड्यांत दिसत नाहीत, पायाखाली कळतात.

जमाव पांगवायची वेळ आली तर क्रम ठरलेला: इशारा, अश्रुधूर, लाठी, आणि अगदी शेवटी गोळी, तीही कमरेखाली. वारा आपल्याकडे वाहत असेल तर अश्रुधूर आपल्याच माणसांना रडवतो. जमावाला पळायला एक बाजू मोकळी ठेवली नाही तर तो पळत नाही, अंगावर येतो. नंतर पुंगळ्या मोजायच्या: किती राउंड दिले, किती झाडले, किती परत आले. या मोजणीत एक राउंड कमी पडला तर त्या एका राउंडचा हिशेब आयुष्यभर द्यावा लागतो.

आणि बंदोबस्तात सगळ्यांत आधी काय कोसळतं, तर पोलिसाचं शरीर. पुण्यातली विसर्जन मिरवणूक २४ तासांच्या पुढे जाते. जेवणाचं पाकीट दुपारी तीनला आलं, महिला शिपायासाठी जवळपास स्वच्छतागृह नाही, बदली माणूस आलाच नाही, मग रात्री दोन वाजता त्याच पॉइंटवर उद्धट उत्तर मिळतं आणि सकाळी त्याचा व्हिडिओ फिरतो. साहेबाला पॉइंट चार्ट दाखवतात तेव्हा प्रत्येक पॉइंटवर नाव असतं. त्या नावाचा माणूस कितवा तास उभा आहे, याचा रकाना त्या चार्टमध्ये नसतो. तो त्यानंच मागायचा असतो.

पुढचा जिना आकड्यांत सांगून टाकतो. साधारण १४ वर्षांच्या सेवेनंतर उपमहानिरीक्षक, १८ नंतर विशेष पोलीस महानिरीक्षक, २५ नंतर अपर महासंचालक, ३० नंतर महासंचालक. जागा रिकाम्या असल्या तर. मधे मधे अकादमीत पुन्हा बोलावून प्रशिक्षण होतं. वरच्या पायऱ्यांवर तपास हातून सुटतो आणि मंजुऱ्या हातात येतात. मकोका, म्हणजे १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, याचं उत्तम उदाहरण आहे. त्याखाली गुन्हा नोंदवायला किमान उपमहानिरीक्षकाची पूर्वमान्यता लागते, न्यायालयानं दखल घ्यायला अपर महासंचालकाची मंजुरी लागते, आणि किमान एसपीच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरला जातो, जो एरवी कोणत्याही पोलिसासमोरचा धरला जात नाही. एवढी ताकद वरच्या हुद्द्याला दिली ती वरचा माणूस स्वतः वाचेल या विश्वासावर. प्रस्तावाचं बाड तीनशे पानांचं असतं. वर एक पानाची टिपणी असते. टिपणी वाचून सही केली की नाही, हे पुढे न्यायालयातल्या उलटतपासणीत दोन प्रश्नांत कळतं.

सगळ्यांत वरच्या खुर्चीचा प्रश्न एका निवृत्त पोलीस प्रमुखानंच न्यायालयात नेला. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस प्रमुख आणि सीमा सुरक्षा दलाचे महासंचालक राहिलेल्या प्रकाश सिंग यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला: केंद्रीय लोकसेवा आयोगानं निवडलेल्या तिघांतून राज्यानं महासंचालक नेमावा आणि त्याला किमान दोन वर्षं द्यावीत. महाराष्ट्रानं २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बदल्या-नेमणुका बघणारी आस्थापना मंडळं आणली आणि उपअधीक्षकापासून वरच्यांना एका जागी साधारण दोन वर्षांचा कार्यकाळ दिला. अपवादाची फटही ठेवली, आणि त्या फटीतून किती बदल्या जातात ते जिल्ह्याजिल्ह्यातल्या पत्रकारांना विचारावं. बदलीची टांगती तलवार असली की बातमी वर येताना गळते तशी खाली जातानाही गळते. साहेब किती दिवसांचा, हे ठाण्याला साहेबांच्या आधी कळतं.

वरच्या माणसाला खालचं ऐकू यावं म्हणून खात्यात एक जुनी सोय आहे, दरबार. मैदानात किंवा सभागृहात सगळे हुद्दे बसतात, शिपायानं उभं राहून थेट साहेबांना सांगायचं: क्वार्टर गळतं, रजा मंजूर होत नाही, पगारातून कपात चुकीची झाली. कागदावर छान. प्रत्यक्षात कोण बोलणार याची यादी आदल्या दिवशी निरीक्षक करतो. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत शिपायांचा असंतोष रस्त्यावर फुटला आणि लष्कर बोलवावं लागलं. घरं, कामाचे तास, साहेबांच्या घरची कामं, या तक्रारी त्या महिन्यात जन्मलेल्या नव्हत्या. दरबार घेणाऱ्यानं एक करून बघावं: यादीतली नावं संपली की उठायचं नाही. गप्प बसून राहायचं. पाच मिनिटांची शांतता कोणालाच सोसत नाही, मागच्या रांगेतून कोणीतरी उभं राहतं, आणि दरबार तिथे सुरू होतो.

या सगळ्यात मला पुन्हा पुन्हा आठवतात ते नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले के. एफ. रुस्तमजी. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पोलिसांत दाखल झाले, पंडित नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी सांभाळली, मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख झाले, १९६५ साली सीमा सुरक्षा दल शून्यातून उभं केलं. एवढ्या उंचीवर पोचलेला माणूस निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचा सदस्य म्हणून बिहारच्या तुरुंगांत गेला. अहवाल मागवून काम भागलं असतं. त्यांनी कैद्यांची माहिती पाहिली: नाव, गुन्हा, आत आल्याची तारीख. गुन्ह्याला असलेल्या शिक्षेपेक्षा जास्त वर्षं नुसत्या खटल्याची वाट पाहत आत असलेली माणसं त्यात होती. त्यांनी ते वर्तमानपत्रात लिहिलं, त्यावरून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात कच्च्या कैद्यांच्या सुटकेचे आदेश निघाले. त्या याद्या कोणी लपवलेल्या नव्हत्या. तुरुंगाच्या दप्तरात व्यवस्थित, तारखेवार, सही-शिक्क्यानिशी पडून होत्या.